आपली कथा आपणच सांगणारी साध्वी

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घरोघरी घट बसतात, नंदादीप उजळतो आणि आदिशक्तीच्या उपासनेस आरंभ होतो. याच तिथीस, शके १६२२ मध्ये म्हणजे इ. स. १७०० साली, संत बहिणाबाईंनी देह ठेवला. वैजापूर तालुक्यातील शिऊर येथे त्यांची समाधी आहे. खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी निराळ्या. त्या पुष्कळ पुढच्या काळातल्या. या बहिणाबाई तुकोबारायांच्या शिष्या, आणि आपले चरित्र आपणच अभंगांतून सांगून ठेवणाऱ्या.

त्यांचा जन्म शके १५५० चा (इ. स. १६२८). वेरूळजवळचे देवगाव हे माहेर. आऊजी कुलकर्णी पिता व जानकी माता. अवघ्या तिसऱ्या वर्षी शिऊरच्या रत्नाकर पाठकांशी त्यांचा विवाह झाला. पाठक तेव्हा तीस वर्षांचे होते. बहिणा नऊ वर्षांची असताना भाऊबंदकी विकोपास गेली आणि आईबाप, जावई व लेकरे असे सारे कुटुंब घरदार सोडून परागंदा झाले. गोदातीर, पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर अशी वाट तुडवीत, वेळप्रसंगी भिक्षा मागून, अखेर ते कोल्हापुरास स्थिरावले.

तेथे त्यांना एक गाय दान मिळाली. तिच्या कालवडीचा बहिणेवर असा जीव जडला की ती क्षणभर तिला सोडीना. कीर्तनासही बरोबर येई. जयरामस्वामींच्या कीर्तनात एकदा गर्दी झाली म्हणून लोकांनी कालवडीस बाहेर काढले. स्वामींनी तिला परत आत आणविले, आणि त्या मुक्या जिवाच्या व बहिणेच्या अशा दोघींच्या मस्तकावर कृपेचा हात ठेविला. गावभर बोलबाला झाला. ही वार्ता रत्नाकर पाठकांच्या कानी पडताच वैदिक ब्राह्मणाचा अभिमान दुखावला, आणि त्यांनी त्या अकरा-बारा वर्षांच्या मुलीस बांधून मारले. पुढे कालवडही गेली. बहिणेची शुद्ध हरपली. काही दिवस ती निश्चेष्ट पडून होती. त्याच अवस्थेत, शके १५६२ (इ. स. १६४०) मध्ये, कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या तुकोबांनी स्वप्नात दर्शन देऊन रामकृष्णहरी हा मंत्र दिला, असे त्या स्वतः सांगतात.

भाविक वाचकहो, येथे क्षणभर थांबावयास हवे. देहावर उठलेले वळ कालांतराने मावळतात. परंतु आपण याच योग्यतेचे आहोत, अशी समजूत एकदा मनात रुजली की ती मावळत नाही. बहिणाबाईंच्या मनासही हा काटा रुतला होता. स्त्रीदेह मिळाला, वेदाचा अधिकार नाही, मंत्र कानी पडण्याची मुभा नाही, ही व्यथा त्यांनी उघडपणे मांडली आहे. झालेला मार त्यांनी लपविला नाही, आणि तो सांगताना पतीविषयी द्वेषही बाळगला नाही. घर सोडून जाण्याचा पतीचा निश्चय कळला तेव्हा पतिसेवा हाच आपला धर्म असे त्यांनी ठरविले. परंतु नामही सोडले नाही. पुढे पाठक आजारी पडले, बहिणाबाईंनी त्यांची शुश्रूषा केली, पश्चात्तापाने त्यांचे मन पालटले आणि सारे कुटुंब देहूस आले. तेथे तुकोबांचे प्रत्यक्ष दर्शन घडले. मंबाजी गोसाव्याने त्यांचाही छळ मांडला. परंतु ज्यांना गुरू मानिले त्यांच्यापासून बहिणाबाई ढळल्या नाहीत.

त्या काट्यावरचा उतारा त्यांना विचारातच सापडला. वज्रसूची या संस्कृत ग्रंथाचा आशय त्यांनी मराठी अभंगांत आणला. ब्राह्मण कोणास म्हणावे, हा त्या ग्रंथाचा प्रश्न. जीव, देह, जाती, कर्म असे एकेक उत्तर तपासून तो बाजूस सारितो, आणि जो ब्रह्म जाणतो तोच ब्राह्मण, या निर्णयास येतो. शूद्र म्हणविल्या गेलेल्या तुकोबांस जिने गुरू मानिले, तिनेच हा ग्रंथ निवडावा, यात मोठे मर्म आहे. माणसाची योग्यता देहावरून ठरत नसेल, तर स्त्रीदेह हा तरी दोष कसा ठरेल?

अंतकाळी पुत्र विठोबास जवळ बसवून त्यांनी आपल्या मागील बारा जन्मांची हकीकत सांगितली. हा जन्म तेरावा. बहात्तर वर्षांच्या आयुष्यातील दुःखे त्यांनी पुसली नाहीत, फार लांबच्या वाटेवर नेऊन ठेविली. त्या वाटेवर कोल्हापूरचा तो दिवस एक मुक्काम ठरला. तो त्यांची ओळख होऊ शकला नाही. आघात शब्दांत मांडता येणे ही बरे होण्याची एक पायरी आहे, असे आजचे मानसोपचारतज्ज्ञही मानतात. बहिणाबाईंनी ती पायरी साडेतीनशे वर्षांमागे नामाच्या आधाराने चढली.

मात्र या चरित्रातून मार निमूट सोसण्याचा उपदेश कोणी काढू नये. सोसले ते अनेकींनी. बहिणाबाईंनी सोसले तसेच सांगितलेही, म्हणून ते आपणांपर्यंत पोचले. आणि सांगण्याचे बळ त्यांना आले त्याच्या मुळाशी, भरल्या सभेत मस्तकावर ठेविलेला एक हात होता.

या नवरात्रात आपण कुमारिकांचे पाय धुऊ, त्यांस ओवाळू, जेवू घालू. त्या वयाच्या बहिणेच्या वाट्यास परागंदा होणे आणि मार आला होता. आपल्या घरची, शेजारची एखादी लेक वा सून काही सांगू पाहत असेल, तर तिला गप्प न करता तिचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे आणि तिच्या पाठीशी उभे राहावे. आदिमायेस तीही पूजा पोचेल.