माधव जूलियन : छंदःशास्त्राचे उपासक

कै. माधव त्र्यंबक पटवर्धन ऊर्फ माधव जूलियन यांचा जन्म २१ जानेवारी १८९४ रोजी बडोदे येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते फारसीचे अध्यापन करीत. १९२४ साली ते स्थान सुटले, तरी विद्याव्रत अखंड राहिले. १९२५ साली त्यांचा फारसी-मराठी कोश प्रसिद्ध झाला. १९२८ पासून ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक होते. गज्जल त्यांनी लयीसह मराठीत रुजविली. गेय रचनेतील तालाच्या आवर्तनाचा विचार करून 'छंदोरचना' या ग्रंथात त्यांनी मराठी पद्याचे वृत्त, जाती व छंद असे त्रिविध विवेचन केले. त्या ग्रंथास्तव १९३८ साली मुंबई विद्यापीठाने त्यांस डी. लिट्. पदवी दिली. पुढील वर्षीच, २९ नोव्हेंबर रोजी, त्यांचे देहावसान झाले. ओवी-धवळ्यांच्या अभ्यासकास तो ग्रंथ आजही मार्गदर्शक आहे.