वणंदची लेक, परळची रमाई

कोणी नवा माणूस भेटला की आपल्या वस्तीतली म्हातारी माणसं पहिला प्रश्न विचारायची, तुमचं गाव कुठलं? जातीसाठी नाही, तर ओळख जोडण्यासाठी. दापोली म्हटलं की दापोलीत कुठे, असा पुढचा प्रश्न, आणि मग मामा, आत्या, साडू करत करत कुठेतरी नातं निघायचंच. आजच्या मुलांना हा प्रश्न विचारला तर ती इमारतीचं नाव सांगतात. यात मुलांचा दोष नाही. आपणच त्यांना सांगितलेलं नाही. विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत माता रमाईंचं चरित्र आपण याच प्रश्नाने वाचू या. कारण रमाईंची कहाणी ही गाव सोडून मुंबईला आलेल्या आपल्या हजारो घरांची कहाणी आहे.

रमाईंचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ रोजी दापोलीजवळच्या वणंद गावी झाला. वडील भिकू धुत्रे, आई रुक्मिणी. वडील बंदरावर माशांच्या टोपल्या वाहायचे. दिवसभर ओझं उचलावं तेव्हा संध्याकाळी चूल पेटायची. आधी आई गेली, पाठोपाठ वडील गेले. रमा, धाकटी गोरा आणि शंकर ही भावंडं उघडी पडली. अशा वेळी काका आणि मामा पुढे आले. मुलांना त्यांनी मुंबईला आणलं आणि भायखळ्याच्या बाजाराच्या आसऱ्याने ही पोरकी लेकरं वाढू लागली.

इथे जरा थांबून विचार करा. आपल्या घरातला मुंबईला आलेला पहिला माणूस कसा आला? बहुतेक घरांत उत्तर एकच आहे. कोणाचा तरी काका, कोणाचा तरी मामा आधी आलेला होता. त्याच्या खोलीत आधी पथारी पडली, मग गिरणीत, गोदीत नाहीतर रेल्वेत काम मिळालं. कोकणातून आपली माणसं मुंबईत आली ती नात्याचा हात धरून.

ज्या वर्षी रमाई जन्मल्या, त्याच १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १८९६ च्या प्लेगने मुंबईत हाहाकार माजवला होता. कोंदट वस्त्या पाडून रस्ते रुंद करायचे, कामकरी लोकांसाठी चाळी बांधायच्या, हे या ट्रस्टचं काम. या चाळींना लोक बी.आय.टी. चाळी म्हणू लागले. वणंदच्या झोपडीत जन्मलेल्या मुलीच्या संसाराची बरीच वर्षं अशाच एका चाळीत जायची होती.

१९०६ साली रमाईंचं लग्न सुभेदार रामजी आंबेडकरांच्या धाकट्या मुलाशी, भीमरावांशी झालं. मुलगी आठ-नऊ वर्षांची, मुलगा शाळेत शिकणारा. लग्न लागलं ते भायखळ्याच्या बाजारात. रात्री बाजार उठल्यावर शेडच्या एका कोपऱ्यात वराकडची मंडळी बसली, दुसऱ्या कोपऱ्यात वधूकडची. विक्रीचे दगडी ओटे हीच बसायची बाकं, आणि खालून गटाराचं पाणी वाहतंय. पहाटे बाजार भरायच्या आत सगळं आवरून जागा मोकळी करून द्यावी लागली.

सासरचं मूळही कोकणातच. आंबडवे हे त्यांचं गाव. रामजीबाबा पलटणीतून निवृत्त झाले, आणि दापोली, सातारा करत हे कुटुंब मुंबईला आलं. आधी लोअर परळची डबक चाळ, मग परळच्या पोयबावडीची बी.आय.टी. चाळ नंबर १. तिथल्या दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ नंबरच्या खोल्या आज जगाला ठाऊक आहेत. बाबासाहेबांचं वास्तव्य तिथे १९१२ ते १९३४, म्हणजे बावीस वर्षं होतं. एक खोली संसाराची, दुसरी पुस्तकांची आणि माणसांची.

डिसेंबर १९१२ मध्ये यशवंतरावांचा जन्म झाला. दोन महिन्यांतच, २ फेब्रुवारी १९१३ ला, रामजीबाबा गेले. त्याच वर्षी भीमराव बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. पंधरा वर्षांच्या रमाईंच्या अंगावर घर पडलं. भीमराव १९१७ ला परतले, १९२० ला पुन्हा लंडनला गेले, ते १९२३ ला आले. या वर्षांत रमाईंनी शेण गोळा करून गोवऱ्या थापल्या, त्या विकून मीठ-मिरची आणली, असं जुनी माणसं सांगत आली. घरात जाऊ लक्ष्मीबाई होत्या, पुतण्या मुकुंद होता. एकट्यापुरतं शिजवायची सोयच नव्हती. आणि आपली अडचण परदेशातल्या नवऱ्याला कळवून त्याच्या अभ्यासात विघ्न आणायचं नाही, हा त्या माउलीचा नेम.

गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरं तिच्या डोळ्यांदेखत गेली. शेवटचा राजरत्न १९२६ ला. पाचांपैकी एकटे यशवंतराव हाती लागले. गरिबीत औषधपाणी वेळेवर झालं नाही की काय होतं, हे आपल्या आजी-पणजींना वेगळं सांगायला नको होतं. त्यांच्याही कुशीतली अशी लेकरं गेली, आणि त्यांची नावं कुठेच लिहिली गेली नाहीत.

चाळीजवळच्या दामोदर हॉलमध्ये १९२४ पासून बहिष्कृत हितकारिणी सभेचं काम सुरू झालं. घरी माणसांची रीघ लागली. कोण कुठून आला हे न विचारता रमाईंनी त्यांच्या पुढ्यात चहा नाहीतर भाकरी ठेवली. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभं राहिलं. पण सुखाचे दिवस आले तेव्हा शरीर खचलं होतं. पंढरपूरला जायची त्यांची इच्छा होती. पण जिथे आपल्या माणसाला देवाच्या दारात उभं करत नाहीत तिथे जायचं नाही, आपण आपलीच पंढरी उभी करू, असं बाबासाहेबांनी त्यांना समजावलं, अशी आठवण सांगतात. २७ मे १९३५ रोजी राजगृहात रमाईंचं निधन झालं. वय अवघं सदतीस.

त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, १३ ऑक्टोबर १९३५ ला, येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षा पाहायला रमाई नव्हत्या. बाबासाहेबांनी १९४० सालचा आपला पाकिस्तानवरचा ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. बाजाराच्या ओट्याजवळ लग्न लागलेल्या मुलीचं नाव असं जगाच्या ग्रंथालयात गेलं.

बंधू-भगिनींनो, रमाईंचं गाव, आईबाप, चाळ, खोलीचा नंबर आपल्याला पाठ आहे, कारण कोणीतरी ते विचारलं, लिहिलं आणि जपलं. आपल्या आजीचं माहेर कोणतं, ती मुंबईला कोणाबरोबर आली, पहिली खोली कोणाची होती, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? चाळी पडतात, टॉवर उभे राहतात. घरातली म्हातारी माणसं एकेक करून जातात, आणि त्यांच्याबरोबर गावही जातं. म्हणून या रमाई जयंतीला एक काम करा. शाळेतल्या नातवाच्या हातात वही द्या, त्याला आजीजवळ बसवा. पहिल्या ओळीत तिचं नाव, दुसऱ्या ओळीत तिच्या आईचं नाव, तिसऱ्या ओळीत गाव. पुढचं ती आपोआप सांगेल.

जयभीम!