कमल रणदिवे

कमल जयसिंग रणदिवे (पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ, ८ नोव्हेंबर १९१७, पुणे – ११ एप्रिल २००१) या मराठी जीवशास्त्रज्ञ व कर्करोग-संशोधक होत्या. प्रयोगशाळेतील उंदरांवरील स्तनकर्करोगाच्या अभ्यासासाठी त्या विशेष ओळखल्या जातात.

प्रारंभिक जीवन

त्यांचे वडील दिनकर समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक होते. कमल यांचे शिक्षण हुजूरपागा शाळेत व फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. मुलीने वैद्यकशास्त्र शिकावे ही वडिलांची इच्छा होती; तिने मात्र जीवशास्त्र निवडले. १९३९ मध्ये गणिती जयसिंग रणदिवे यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या. सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींवरील अभ्यासासाठी त्यांना एम.एस्सी. पदवी मिळाली. पुढे टाटा स्मारक रुग्णालयात वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्याकडे त्यांनी ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले.

उंदरांवरील संशोधन

मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात रणदिवे यांनी वंश, संप्रेरके व विषाणू यांचा स्तनकर्करोगाशी असलेला संबंध अभ्यासला. अशा कामाला शुद्ध वंशाचे उंदीर लागतात. त्यासाठी सख्ख्या भावंडांचे प्रजनन किमान २० पिढ्या चालवावे लागते. या केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून उंदरांचा एक वंश ‘आयसीआरसी’ या नावाने ओळखला जातो.

वंश सारखा असला म्हणजे निष्कर्ष सारखे येतात असे नाही. जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखवले की, कर्करोगप्रवण मादीची नवजात पिले दुसऱ्या वंशाच्या मादीच्या दुधावर वाढवल्यास त्यांच्यातील स्तनाच्या गाठींचे प्रमाण घटते. दुधातील हा घटक पुढे विषाणू असल्याचे सिद्ध झाले. १९४४ मध्ये अँडरव्हॉन्ट यांना आढळले की, एकेकट्या ठेवलेल्या माद्यांना गटाने राहणाऱ्या माद्यांपेक्षा अशा गाठी लवकर होतात. पिंजऱ्यातील सोबतसुद्धा प्रयोगाचा भाग ठरली.

निवाऱ्याचेही तसेच आहे. माणसाला सुखद वाटणारे २० ते २४ अंश सेल्सियस तापमान उंदराला थंड पडते. विश्रांतीच्या वेळी तो ३० अंशांच्या आसपासची ऊब शोधतो. कागदाच्या पट्ट्या किंवा कापूस मिळाल्यास तो घरटे करतो आणि उघड्या जागेपेक्षा आडोसा पसंत करतो. नुसत्या भुशावर ठेवलेल्या उंदराची बरीच शक्ती शरीर उबदार राखण्यात खर्ची पडते. त्यामुळे दोन प्रयोगशाळांतील आकडे ताडून पाहताना उंदीर कोणत्या वंशाचे होते याइतकेच ते कसे ठेवले होते हेही पाहावे लागते. जुन्या शोधनिबंधांत हा तपशील पुष्कळदा त्रोटक असतो. भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० मध्ये झाला. प्रयोगासाठीच्या प्राण्यांचे प्रजनन व वापर यांविषयीचे नियम १९९८ मध्ये आले.

अन्य कार्य

रणदिवे यांनी केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली, कुष्ठरोगाच्या जिवाणूंवर काम केले व १९६६ ते १९७० या काळात केंद्राचे संचालकपद सांभाळले. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या त्या संस्थापक-सदस्य होत्या. निवृत्तीनंतर त्यांनी अकोले तालुक्यातील राजूर परिसरात आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.