आविलाच्या संत तेरेजा : उत्तरार्धात बहरलेले जीवन

ऑक्टोबर हा आपल्या धर्मग्रामांत जपमाळेचा महिना म्हणून भक्तिभावाने पाळला जातो. ह्याच महिन्यात ख्रिस्तसभा दोन तेरेजांचे सण साजरे करते. १ ऑक्टोबर रोजी लिझ्यूच्या, म्हणजेच बाल येशूच्या संत तेरेजेचा सण असतो, तर १५ ऑक्टोबर रोजी आविलाच्या संत तेरेजांचा. धाकटी तेरेजा आपल्या घराघरांत परिचित आहे. ती वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी प्रभूकडे गेली. थोरल्या तेरेजांना मात्र सदुसष्ट वर्षांचे आयुष्य लाभले आणि त्यातील पहिली एकोणचाळीस वर्षे सरेपर्यंत आपण देवाला पुरते दिलेले नाही, ही खंत त्यांच्या मनाला टोचत होती.

नेमक्या ह्याच कारणासाठी आज आम्ही थोरल्या तेरेजांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. आध्यात्मिक मार्गदर्शनासाठी येणाऱ्या प्रौढ भाविकांकडून धर्मगुरूंना एक तक्रार वारंवार ऐकू येते. लहानपणी प्रार्थनेत गोडी होती, तरुणपणी उत्साह होता. आता संसार, नोकरी, आजारपण ह्यांत प्रार्थना कोरडी झाली आहे, आणि आता आपल्या हातून काही होणे नाही, असे त्यांना वाटते. अशा भाविकांसाठी संत तेरेजांच्या जीवनात मोठा दिलासा आहे.

बालपण आणि तारुण्य

तेरेजेचा जन्म २८ मार्च १५१५ रोजी स्पेनमधील कास्तील प्रांतात झाला. वडील आलोन्सो सांचेझ दे सेपेदा हे सधन आणि धर्मनिष्ठ गृहस्थ, तर आई बेआत्रिज दे आउमादा ही सोशिक व श्रद्धाळू माता होती. तेरेजेचे आजोबा मूळचे यहुदी. ख्रिस्ती झाल्यानंतरही पुन्हा जुन्या धर्माकडे वळल्याच्या आरोपावरून १४८५ साली तोलेदो येथील धर्मन्यायालयाने त्यांना जाहीर प्रायश्चित्त करावयास लावले होते. कुळाची प्रतिष्ठा फार जपली जाणाऱ्या त्या समाजात ही गोष्ट कुटुंबाने झाकून ठेवली. मानसन्मानाच्या कल्पनेवर तेरेजांनी पुढे आयुष्यभर जो प्रहार केला, त्याचे एक मूळ इथे असावे, असे आम्हांला वाटते.

घरी संतचरित्रांचे वाचन होत असे. सात वर्षांची तेरेजा आणि तिचा भाऊ रोद्रिगो ह्यांनी रक्तसाक्षी होण्याचा निश्चय केला. मूर लोकांच्या देशात जाऊन शिरच्छेद करून घेतला की थेट स्वर्ग मिळेल, असा त्यांचा सरळ हिशेब होता. दोघे घरातून निघालीही. परंतु गावाबाहेर काकांनी त्यांना गाठून परत आणले. ह्या प्रसंगाकडे पाहून आपण हसतो. परंतु बालवयातील भक्ती ही अशीच असते. ती निर्व्याज असते, उतावळी असते आणि तिला किंमत मोजावी लागलेली नसते.

तेरेजा किशोरवयात असतानाच तिची आई वारली. त्या दुःखात तिने पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे जाऊन, आता तूच माझी आई हो, अशी विनवणी केली. तथापि, पुढची काही वर्षे वेगळी गेली. शूर सरदारांच्या अद्भुत कादंबऱ्या, नटणे-मुरडणे, चुलत भावंडांच्या थट्टागप्पा ह्यांत तिचे मन रमले. चिंतातुर वडिलांनी १५३१ मध्ये तिला अगस्तीनियन धर्मभगिनींच्या मठात शिक्षणासाठी ठेवले. तिथे तिच्या मनात देवाची ओढ पुन्हा जागी झाली. आजारपणामुळे तिला घरी परतावे लागले. परंतु काका पेद्रो ह्यांच्याकडे संत जेरोम ह्यांची पत्रे वाचून तिचा निर्णय पक्का झाला. वडिलांचा विरोध असल्याने २ नोव्हेंबर १५३५ रोजी पहाटे, वयाच्या विसाव्या वर्षी, तिने गुपचूप घर सोडले आणि आविला येथील कार्मेलच्या देहधारणा मठात प्रवेश केला. वडिलांना सोडताना झालेल्या यातनांविषयी त्यांनी पुढे लिहूनही ठेवले आहे. देवाच्या हाकेला होकार देणाऱ्या माणसाचेही काळीज दगडाचे नसते, हे त्यावरून ध्यानात येते.

मधली कोरडी वर्षे

१५३७ साली तेरेजांनी व्रते घेतली. लगेच पुढच्या वर्षी त्या गंभीर आजारी पडल्या. एका वैदू स्त्रीच्या जालीम उपचारांनी दुखणे अधिकच बळावले. १५३९ च्या ऑगस्ट महिन्यात त्या सुमारे चार दिवस बेशुद्ध होत्या. त्यांचे निधन झाले असे समजून मठात थडगेही खोदून ठेवले होते. त्या शुद्धीवर आल्या. परंतु त्यानंतर जवळजवळ तीन वर्षे त्या अंथरुणास खिळून होत्या. आपण संत योसेफाच्या मध्यस्थीने बऱ्या झालो, अशी त्यांची दृढ श्रद्धा होती. आपल्या लोकांमध्ये आज संत योसेफाची जी भक्ती दिसते, तिच्या प्रसाराचे बरेच श्रेय तेरेजांकडे जाते.

देहाचा आजार बरा झाला आणि आत्म्याचा सुरू झाला. दीडशेहून अधिक धर्मभगिनी असलेल्या त्या मठात शिस्त सैल होती. श्रीमंत घरच्या भगिनींना स्वतंत्र दालने होती, तर गरीब घरच्यांची जेवणाचीही आबाळ होई. भेटीच्या दालनात शहरातील प्रतिष्ठितांची सतत ये-जा असे. तेरेजा बोलक्या, हसतमुख आणि लाघवी होत्या. साहजिकच सर्वांना त्या हव्या असत, आणि त्यांनाही ते आवडे. इकडे देव, तिकडे लोकांची मैत्री, अशा ओढाताणीत दोन्हीकडचे सुख गेले.

अशा वेळी त्यांनी एक निर्णय घेतला. इतके दोष असताना देवाशी एकांतात बोलण्याची आपली योग्यता नाही, असे मानून त्यांनी एक वर्षाहून अधिक काळ मननप्रार्थना सोडून दिली. वरवर ही नम्रता दिसते. आयुष्यात आपल्याला पडलेला सर्वांत घातक मोह तो हाच, असे तेरेजांनी पुढे स्पष्टपणे नमूद केले आहे. डिसेंबर १५४३ मध्ये त्यांचे वडील वारले. वडिलांचे पापनिवेदन ऐकणाऱ्या डॉमिनिकन धर्मगुरूंपुढे त्यांनी आपले मन मोकळे केले. प्रार्थना मुळीच सोडू नये, असा सल्ला त्यांनी दिला. तेरेजांनी तो मानला आणि त्यानंतर प्रार्थना कधीही सोडली नाही.

म्हणून लगेच गोडी आली असे नव्हे. प्रार्थनेला बसल्यावर तास कधी संपतो आणि घड्याळाचा टोला कधी पडतो, इकडेच त्यांचे कान लागलेले असत. प्रार्थनागृहात पाऊल टाकताना मन खिन्न होई. असे एक-दोन महिने नव्हे, तर वर्षानुवर्षे चालले. तरीही त्या जाऊन बसत. आमच्या मते संत तेरेजांचे खरे मोठेपण इथे आहे. दृष्टांत पुढे आले. त्याआधी रित्या मनाने देवापुढे बसून राहण्याची ही चिकाटी होती.

एकोणचाळिसावे वर्ष

१५५४ सालच्या प्रायश्चित्तकाळात, मठात आणलेल्या एका मूर्तीकडे त्यांची सहज नजर गेली. फटक्यांनी जखमी झालेल्या प्रभू येशूची ती मूर्ती होती.  त्या दिवशी तिने त्यांच्या हृदयाचा ठाव घेतला. त्या मूर्तीच्या पायांशी कोसळून रडल्या आणि ह्यापुढे स्वतःच्या बळावर विसंबणार नाही, असे त्यांनी प्रभूला सांगितले. त्याच सुमारास संत ऑगस्टीन ह्यांचे आत्मनिवेदन त्यांच्या हाती आले आणि उशिरा परतलेल्या त्या संतामध्ये त्यांना स्वतःचा चेहरा दिसला.

त्यानंतर प्रार्थनेत त्यांना विलक्षण कृपा लाभू लागल्या. काही हितचिंतकांना हे सैतानाचे काम वाटले, त्यामुळे त्यांना फार मनस्ताप झाला. परंतु येशूसंघाचे धर्मगुरू, संत फ्रान्सिस बोर्जा आणि अल्कांतराचे संत पीटर ह्यांनी त्यांना धीर दिला. स्वतःच्या अनुभवावर स्वतःच शिक्कामोर्तब न करता तेरेजा तो प्रत्येक वेळी जाणत्या धर्मगुरूंपुढे ठेवीत. ही शिस्त त्यांनी अखेरपर्यंत पाळली.

प्रार्थनेतील प्रगती समजावून सांगताना त्यांनी आपल्या आत्मचरित्रात बागेचे उदाहरण घेतले आहे. बागेला पाणी चार प्रकारे देता येते. पहिला प्रकार विहिरीतून हाताने शेंदून, दुसरा रहाटाने, तिसरा पाटाच्या वाहत्या पाण्याने आणि चौथा पावसाने. वसईच्या वाड्यांत ज्यांनी रहाट पाहिले आहेत, त्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. शेंदणाऱ्याचे हात दुखतात आणि पाणी थोडे मिळते. पावसात कष्ट माळ्याचे नसतात, दान वरून येते. मात्र पाऊस येईपर्यंत रोपे जगवायची तर शेंदणे थांबवून चालत नाही. तेरेजांनी वीसेक वर्षे शेंदले, आणि विहीर कोरडी लागली त्या दिवशीही पोहरा खाली सोडला.

उत्तरार्धातील कार्य

तेरेजांचे ज्ञात कार्य सत्तेचाळिसाव्या वर्षी सुरू झाले. २४ ऑगस्ट १५६२ रोजी, चार नवदीक्षितांसह, त्यांनी आविला येथे संत योसेफाचा छोटा मठ स्थापन केला. तिथे दारिद्र्य, एकांत आणि समानता ही मूल्ये होती. कुळाचा बडेजाव नव्हता. शहरात गदारोळ झाला आणि नगरसभेने खटलाही गुदरला. तेरेजा डगमगल्या नाहीत. पुढील वीस वर्षांत, प्रकृती नेहमीच तोळामासा असताना, छप्पर घातलेल्या गाड्यांतून ऊन, चिखल आणि पूर ह्यांना तोंड देत त्यांनी मठांची संख्या सतरावर नेली. १५६७ साली मेदिना देल कांपो येथे बावन्न वर्षांच्या तेरेजांची पंचवीस वर्षांच्या एका तरुण धर्मगुरूशी भेट झाली. तेच पुढे क्रुसाचे संत योहान म्हणून प्रसिद्धीस आले. वयाने निम्म्या असलेल्या ह्या धर्मगुरूंना त्यांनी सुधारणेच्या कार्यात सामील करून घेतले आणि पुढे त्यांनाच आपले आध्यात्मिक मार्गदर्शक मानले.

१५७१ साली त्यांना जुन्या देहधारणा मठाची प्रमुख म्हणून पाठविण्यात आले. तेथील भगिनींनी आरडाओरड करून विरोध केला. तेरेजांनी प्रमुखाच्या आसनावर पवित्र मरियेची मूर्ती ठेवली आणि स्वतः तिच्या पायांशी बसल्या. ज्या मठात त्यांची उमेदीची वर्षे कोमटपणात गेली होती, त्याच मठात त्या सेवेसाठी परतल्या होत्या. त्यांच्या ह्या नम्रतेने विरोध मावळला. तिथेच १५७२ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांना प्रभूशी पूर्ण ऐक्याचा अनुभव आला.

१५७५ नंतर संघातील वाद विकोपास गेला. नवीन मठ काढण्यास त्यांना मनाई झाली आणि पोपमहाशयांच्या एका प्रतिनिधीने त्यांना अस्थिर, भटकी स्त्री ठरविले. ह्याच वादळात, १५७७ सालच्या जून ते नोव्हेंबर ह्या काळात, बासष्टाव्या वर्षी त्यांनी आत्म्याला किल्ल्याची उपमा देणारा आपला श्रेष्ठ ग्रंथ लिहून पूर्ण केला. त्यात आत्म्याच्या सात दालनांचे वर्णन आहे. शेवटच्या दालनात पोहोचलेला आत्मा जगापासून दूर न जाता शेजाऱ्याच्या सेवेस अधिक तत्पर होतो, हे त्या ग्रंथाचे सार आहे. त्याच वर्षी नाताळच्या पूर्वसंध्येला जिन्यावरून पडून त्यांचा डावा हात मोडला. तो पुन्हा नीट झाला नाही. त्यामुळे कपडे घालण्यासाठीही त्यांना दुसऱ्याची मदत घ्यावी लागे. स्वावलंबी माणसाला हे परावलंबन किती कठीण जाते, हे आपल्या घरातील वृद्धांना ठाऊक आहे. तेरेजांनी तेही स्वीकारले.

१५८२ साली बुर्गोस येथील अखेरची स्थापना करून त्या परत निघाल्या. वाटेत नात्यातीलच एका मठप्रमुखेने त्यांना थंडपणे निरोप दिला. आविलाला आपल्या मठात परतण्याची त्यांची इच्छा होती. पण वरिष्ठांच्या आज्ञेनुसार त्या आल्बा दे तोर्मेस येथे गेल्या. तिथे ४ ऑक्टोबर १५८२ रोजी रात्री त्यांनी देह ठेवला. ख्रिस्तसभेची कन्या म्हणून मरण येत आहे, ह्याबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले. त्याच रात्री नवी दिनदर्शिका लागू झाल्याने दुसरा दिवस १५ ऑक्टोबर ठरला.

१२ मार्च १६२२ रोजी त्यांना संतपद बहाल करण्यात आले. गोव्यात ज्यांचे पवित्र अवशेष जतन केले आहेत, ते संत फ्रान्सिस झेवियर त्याच समारंभात संत म्हणून घोषित झाले. तेरेजांच्या सुधारित कार्मेलचे मठवासी सतराव्या शतकात गोव्यातही पोहोचले. तेथील मठातील धन्यवादित डेनिस व रिडेम्प्टस ह्यांनी १६३८ साली सुमात्रा बेटावरील आचे येथे रक्तसाक्ष दिली. सात वर्षांच्या बालिकेचे अपुरे राहिलेले स्वप्न तिच्या आध्यात्मिक पुत्रांनी असे पूर्ण केले. २७ सप्टेंबर १९७० रोजी पोप सहावे पॉल ह्यांनी तेरेजांना ख्रिस्तसभेच्या धर्मपंडिता म्हणून घोषित केले. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत.

प्रिय वाचकहो, बालपणी पेरलेले बी वाया जात नाही, म्हणून आई-वडिलांनी मुलांना प्रार्थनेची सवय लावावी. मधल्या वयात प्रार्थना कोरडी झाली, तर आपण अपात्र आहोत असे म्हणून ती सोडू नये. कोणीही पात्र आहे म्हणून प्रार्थना करीत नाही. आणि ज्यांचे केस पिकले आहेत, ज्यांना आता मंदिरापर्यंत चालवत नाही, त्यांनी आपले दिवस सरले असे मानू नये. देवाचा पाऊस कोणत्या वर्षी यायचा, हे त्याच्या हाती आहे. आपल्या हाती पोहरा आहे. ह्या ऑक्टोबर महिन्यात रोज पंधरा मिनिटे, मन लागो वा न लागो, प्रभूपुढे शांत बसण्याचा संकल्प आपण करू या. थोरल्या संत तेरेजांची मध्यस्थी आपल्याला त्यात साहाय्यक ठरो.