प्रतिस्पर्ध्याच्या नाटकात उभा राहिलेला संगीतसूर्य

८ जुलै १९२१. मुंबईच्या बालीवाला थिएटरात त्या रात्री 'मानापमान'चा प्रयोग होता. नाटक दहा वर्षांचे जुने, पदे रसिकांना तोंडपाठ. तरीही तिकिटाचा दर १०० रुपयांपर्यंत गेला होता, कारण भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व आणि धैर्यधराच्या भूमिकेत केशवराव भोसले होते. मराठी संगीत रंगभूमीवरील दोन अग्रगण्य नाटक मंडळ्यांचे हे मालक एरवी एकमेकांचे प्रतिस्पर्धी. टिळक स्वराज्य फंडासाठी ते एका रंगमंचावर आले होते. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी केशवराव हे जग सोडून गेले.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपले. घरची गरिबी एवढी, की शाळेची पायरी चढण्याऐवजी अगदी कोवळ्या वयात त्यांना स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल व्हावे लागले. त्या काळी अशी मंडळी म्हणजे एक फिरते कुटुंबच असे. पडदे, पेट्या, पोशाख आणि वाद्ये घेऊन गावोगाव मुक्काम करायचा, दिवसा तालीम आणि रात्री प्रयोग. केशवरावांची पाठशाळा हीच. देवलांच्या 'शारदा' नाटकातील शारदेच्या भूमिकेने या मुलाचे नाव महाराष्ट्रभर झाले. स्त्रीभूमिका पुरुषांनीच करण्याचा तो काळ होता आणि ध्वनिवर्धकाविना शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा गळा ही नटाची खरी पुंजी होती. केशवरावांचा आवाज उंच पट्टीचा, धारदार आणि वेगवान तानेचा होता.

१ जानेवारी १९०८ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी हुबळी येथे 'ललितकलादर्श' ही स्वतःची मंडळी स्थापन केली. शालेय शिक्षण नाही, गाठीला भांडवल नाही आणि पाठीशी मोठ्या मंडळीचे नाव नाही, अशा स्थितीत हे धाडस होते. दौऱ्यावर असताना पाऊस लांबला, साथ आली किंवा एखादा गायक नट आजारी पडला, तरी बिऱ्हाडातील साऱ्यांच्या जेवणाची चिंता मालकालाच वाहावी लागे. ती चिंता वाहत असताना केशवरावांनी केवळ जुन्या नाटकांवर गुजराण केली नाही. हिराबाई पेडणेकर यांचे 'दामिनी' त्यांनी रंगभूमीवर आणले. स्त्रीने लिहिलेले नाटक व्यावसायिक मंडळीने करणे ही त्या काळी विलक्षण गोष्ट होती. वीर वामनराव जोशी यांच्या 'राक्षसी महत्त्वाकांक्षा'मधील त्यांची मृणालिनी गाजली. मामा वरेरकरांच्या 'हाच मुलाचा बाप'मधून हुंड्याचा, तर 'संन्याशाचा संसार'मधून धर्मांतराचा प्रश्न त्यांनी प्रेक्षकांपुढे मांडला. गायनात त्यांना रामकृष्णबुवा वझे यांचे मार्गदर्शन लाभले. गाणे उत्तम हवेच, पण नाटकानेही काही सांगितले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

संयुक्त प्रयोगाचे मोल या पार्श्वभूमीवर कळते. खाडिलकरांचे 'मानापमान' १९११ साली किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणले आणि पहिल्या प्रयोगापासून भामिनी म्हणजे बालगंधर्व हे समीकरण झाले. त्यातील चाली कोल्हापूरशी जवळचे नाते असलेल्या गोविंदराव टेंबे यांच्या. म्हणजे केशवराव उतरले ते प्रतिस्पर्ध्याच्या हुकमी मैदानात. पन्नासच्या आसपास पदे असलेल्या या नाटकात दोन भिन्न गायकींचा मेळ घालणे सोपे नव्हते. बालगंधर्वांचे गाणे लडिवाळ, भावार्थ उलगडत जाणारे. केशवरावांचे तेजस्वी आणि झेपावणारे. तालीम वेगळ्या, साथीदारांच्या सवयी वेगळ्या. शिवाय कमीपणा कोणाला येणार, ही दोन्हीकडच्या चाहत्यांची धास्ती. केशवराव फिके पडले असते, तर तेरा वर्षांच्या कष्टाने उभ्या केलेल्या मंडळीची पत धोक्यात आली असती. दुसरीकडे गंधर्व मंडळीवर कर्जाचा मोठा बोजा होता. तरीही उत्पन्न गेले ते स्वराज्य फंडाला.

धनिकाची मानी कन्या आणि निर्धन पण शूर सेनापती यांची ही कथा. गरिबीतून वर आलेल्या केशवरावांना धैर्यधर शोभून दिसला यात नवल नाही. कोण सरस ठरले, याची चर्चा नाट्यरसिकांत पुढे वर्षानुवर्षे रंगली. पण त्या रात्री कोणी कोणाला पाडण्यासाठी गायले नाही, हेच त्या प्रयोगाचे यश. पाठोपाठ संयुक्त 'सौभद्र'ही झाले आणि दोन मंडळ्यांनी एकत्र येण्याचा मार्ग मोकळा झाला, असे वाटू लागले.

नियतीच्या मनात वेगळेच होते. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी विषमज्वराने केशवरावांचे निधन झाले. वय अवघे ३१. त्यांची मंडळी मात्र मोडली नाही. बापूराव पेंढारकरांनी आणि पुढे भालचंद्र पेंढारकरांनी 'ललितकलादर्श'ची धुरा वाहिली.

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात उभारलेले, १९१५ साली पूर्ण झालेले पॅलेस थिएटर पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून ओळखले जाऊ लागले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, ही वास्तू आगीत सापडली. दुसऱ्या दिवशी फुले वाहायला यायचे, ते कोल्हापूरकर त्या रात्री डोळ्यांत पाणी आणून ज्वाळा पाहत उभे होते. ज्यांचा आवाज त्यांच्यापैकी कोणीही प्रत्यक्ष ऐकला नव्हता, त्या गायकाच्या नावाशी या शहराचे नाते किती घट्ट आहे, हे त्या रात्री दिसले.