होविता इदार : छापखान्याच्या दारात उभी राहिलेली पत्रकार

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, रिओ ग्रांदे नदीकाठी लरेडो नावाचे शहर आहे. नदीपलीकडे मेक्सिको. होविता इदार यांचा जन्म १८८५ साली इथलाच. त्या काळी टेक्सासमध्ये मेक्सिकन वंशाच्या माणसांना अनेक हॉटेलांत प्रवेश नव्हता, मुलांसाठी वेगळ्या आणि निकृष्ट शाळा होत्या. हे चित्र आमच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

१९०३ मध्ये शिक्षिकेचे प्रमाणपत्र मिळवून होविता जवळच्या एका गावात शिकवू लागल्या. वर्गात पुरेशी बाके नाहीत, पुस्तके नाहीत. अशा शाळेत आपल्या शिकवण्याने काही बदलणार नाही, हे ओळखून त्यांनी नोकरी सोडली आणि वडिलांच्या 'ला क्रोनिका' या स्पॅनिश साप्ताहिकात लिहायला सुरुवात केली. 'अस्त्रेआ' हे त्यांचे एक टोपणनाव. ग्रीक पुराणातल्या न्यायदेवतेचे हे नाव त्यांनी उगाच घेतले नव्हते.

नोव्हेंबर १९१० मध्ये रॉकस्प्रिंग्ज इथे अंतोनियो रोद्रिगेस या तरुणाला जमावाने तुरुंगातून ओढून नेऊन जिवंत जाळले. पुढच्या जूनमध्ये थॉर्नडेल इथे अंतोनियो गोमेस या चौदा वर्षांच्या मुलाला जमावाने ठार मारले. 'ला क्रोनिका'ने हे सारे लावून धरले. पण इदार कुटुंब बातमी छापून थांबले नाही. सप्टेंबर १९११ मध्ये त्यांनी लरेडोत मेक्सिकन समाजाची परिषद भरवली. जमावाच्या हत्या, शाळांतला भेदभाव, मातृभाषेतले शिक्षण हे तिथले विषय होते. महिनाभरात स्त्रियांची स्वतंत्र संघटना उभी राहिली, 'लिगा फेमेनिल मेक्सिकानिस्ता'. पहिल्या अध्यक्ष होविता. या स्त्रियांनी गरीब मुलांसाठी मोफत वर्ग चालवले. बायकांनी शिकावे, कमवावे, कुणावर अवलंबून राहू नये, असे होविता सतत लिहीत राहिल्या. आम्हाला त्यांच्या आयुष्यातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, आणि नेमका तोच कमी सांगितला जातो.

जास्त सांगितला जातो तो १९१४ चा प्रसंग. मेक्सिकोत क्रांती पेटली होती. त्याआधीच्या वर्षी होविता नदी ओलांडून जखमींची शुश्रूषा करून आल्या होत्या. आता त्या 'एल प्रोग्रेसो' या वृत्तपत्रात काम करत होत्या. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी सीमेवर सैन्य पाठवल्याबद्दल त्यात टीका छापून आली. वृत्तपत्र बंद करायला टेक्सास रेंजर्स, म्हणजे राज्याचे सशस्त्र पोलीस, आले. होविता दारात उभ्या राहिल्या आणि बाजूला झाल्या नाहीत. रेंजर्स परत गेले. (बाबासाहेब त्या वेळी त्याच देशात, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते.)

गोष्ट इथे संपवली की छान वाटते. पण रेंजर्स पुन्हा आले. होविता तिथे नसताना त्यांनी छापखाना मोडून टाकला. 'एल प्रोग्रेसो' बंद पडले.

त्या 'ला क्रोनिका'त परतल्या. त्याच वर्षी वडील वारले, तेव्हा साप्ताहिकाचा भार उचलला. १९१६ मध्ये भावासोबत 'एवोलुसियोन' हे नवे वृत्तपत्र काढले. आपला छापखाना मोडणाऱ्यांना याहून चांगले उत्तर आम्हाला तरी सुचत नाही.

१९१७ मध्ये बार्तोलो हुआरेस यांच्याशी लग्न झाल्यावर त्या सॅन अँटोनियोला गेल्या. तिथे मोफत बालवाडी काढली. इस्पितळात स्पॅनिश बोलणाऱ्या रुग्णांसाठी दुभाषी म्हणून काम केले. डॉक्टरची भाषा येत नसलेल्या गरिबाचे काय होते, हे त्यांना ठाऊक होते. पुढे मेथडिस्ट पंथाच्या 'एल एराल्दो क्रिस्तियानो'च्या संपादनातही त्यांचा वाटा होता. १९४६ साली सॅन अँटोनियोतच त्यांचे निधन झाले.

२०२३ मध्ये अमेरिकी सरकारने २५ सेंटच्या नाण्यावर त्यांची आकृती कोरली. अंगभर त्यांच्या संघटनेचे आणि वृत्तपत्रांचे नाव आहे. रेंजर्सनी मोडलेले 'एल प्रोग्रेसो'ही त्यात आहे.