भुलीनंतरच्या उलटीचा माग घेणारे डॉ. जॉन स्नो

जयपूर : शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाने उपाशी राहावे, हा दंडक जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयापासून मुंबईच्या केईएमपर्यंत सर्वत्र पाळला जातो. त्यामागील आरंभीची काही निरीक्षणे लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांची आहेत. कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो हे दाखविणारे म्हणून जग त्यांना ओळखते. त्यांचा रोजचा व्यवसाय मात्र भूल देण्याचा होता.

१५ मार्च १८१३ रोजी यॉर्क येथे एका मजुराच्या घरी त्यांचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी ते न्यूकॅसलला एका शल्यचिकित्सकाकडे उमेदवारी करू लागले. तारुण्यातच त्यांनी मांसाहार सोडला आणि मद्यही वर्ज्य केले. १८४६ च्या अखेरीस इथरची वार्ता लंडनला पोहोचली, तेव्हा त्यांनी वाफेचे प्रमाण नियंत्रित करणारे उपकरण तयार केले आणि १८४७ मध्ये त्या विषयावर ग्रंथ लिहिला.

जानेवारी १८४८ मध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या नखाच्या किरकोळ शस्त्रक्रियेत क्लोरोफॉर्म देताच दगावली. कापडावर अंदाजाने औषध ओतण्याच्या पद्धतीतला धोका स्नो यांनी निक्षून मांडला. मृत्यूच्या या चर्चेत उलटीकडे कोण लक्ष देणार? स्नो यांनी त्याच वर्षी तिच्याविषयीही सविस्तर लिहिले. नुकतेच जेवलेल्या रुग्णाला उलटी होण्याचा संभव अधिक असतो आणि शस्त्रक्रियेनंतर लगेच हलविल्यास ती उसळते, असे त्यांचे निरीक्षण होते. उपाय म्हणून या मद्यत्यागी डॉक्टरांनी वाइन आणि अफू सुचविली, ही गंमतच. त्यांपैकी अफूवर्गीय वेदनाशामके आज उलटीच्या कारणांतच मोजली जातात. स्त्रिया, धूम्रपान न करणारे, प्रवासात मळमळणारे आणि पूर्वी भुलीनंतर उलटी झालेले रुग्ण अधिक जोखमीचे मानले जातात. त्यांना ऑन्डान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन यांसारखी औषधे उलटी होण्याआधीच दिली जातात. रिकाम्या पोटाचा आग्रह मात्र टिकला आहे. भुलीत पोटातील अन्न श्वासनलिकेत गेल्यास जीवावर बेतू शकते.

१८५३ आणि १८५७ मध्ये स्नो यांनी राणी व्हिक्टोरिया यांना प्रसूतीवेळी क्लोरोफॉर्म दिले. जून १८५८ मध्ये क्लोरोफॉर्मवरील ग्रंथाचे लेखन करीत असतानाच त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १६ जून रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तो ग्रंथ त्यांचे मित्र बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केला.